सागरपार गेलेल्या एका श्वानाचें दप्तर

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे तो निदान शंभर वर्षांचा, कसरीनें खाल्लेला व मोडींत लिहिलेला असावा, अशी आपल्या संग्राहकांची समजूत असते. प्रस्तुत टिपणांत ज्या दप्तराचा परिचय करून द्यावयाचा आहे त्यांत मोडीचें एकहि अक्षर नाहीं, आणि त्यांतील सर्वांत जुना कागद इसवी सन २०२२ मधील आहे. दप्तर एकतीस कागदांचें असून तें एका कुत्र्याचें आहे. हा कुत्रा अंबरनाथ पूर्वेहून निघून, वाटेंत एका तिसऱ्या देशांत मुक्काम करून, ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहरीं आमच्या चिरंजीवांकडे गेला. त्यास जाण्यास जवळ जवळ पंधरा महिने लागले. चिरंजीव स्वतः एका रात्रींत गेले होते.

हा विषय त्रैमासिकास शोभेल काय, अशी शंका वाचकांस येईल. ती प्रथम आम्हांसहि आली. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुली येथें दाखविली जाते, तेव्हां आपल्या इतिहासास कुत्र्याचें वावडें आहे असें नव्हे. तथापि आमचें प्रयोजन कुत्र्याशीं नसून कागदाशीं आहे. पशु एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जातो तेव्हां त्याच्याबरोबर त्याचें वर्णन करणारा एक लेख जातो. हा लेख त्याच पशूचा आहे हें सिद्ध कसें करावयाचें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सदर दप्तर वाचतांना आम्हांस पदोपदीं जुन्या ग्रंथांची व याद्यांची आठवण झाली. ती येथें नमूद करितों.

बौधायन धर्मसूत्राच्या आरंभीं दक्षिणेकडील व उत्तरेकडील लोकांच्या आचारांतील भेद सांगितला आहे. उत्तरेकडच्या म्हणून जे पांच आचार सूत्रकार देतो ते असे : लोकरीचा विक्रय, मद्यपान, दोन्ही जबड्यांत दांत असलेल्या पशूंचा व्यापार, शस्त्रावर उपजीविका आणि समुद्रप्रवास. पशूंचा व्यापार आणि समुद्रप्रवास हीं दोन्ही एकाच यादींत यावीं हें लक्षांत घेण्यासारखें आहे. दोन्ही जबड्यांत दांत असलेला पशु म्हणजे तेथें मुख्यतः घोडा होय. (कुत्र्यासहि दोन्हीकडे दांत असतात; परंतु त्याचा कोणी व्यापार करील ही कल्पना सूत्रकारास शिवली नसावी.) धर्मशास्त्रानें नाक मुरडलें तरी कोंकणच्या बंदरांत घोडा उतरतच राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या राजाविषयीं लिहितो कीं, त्याचा चाच्यांशीं करार होता; लुटींतील घोडे तेवढे त्यांनीं राजास द्यावे व बाकीची लूट आपण ठेवावी. हें ठाणें म्हणजे आमचेंच ठाणें, व त्या राज्याच्या पोटांतच अंबरनाथ येतें.

आपल्या किनाऱ्यावरून बाहेर गेलेल्या पशूंपैकीं ज्याचा वृत्तान्त तारीखवार उपलब्ध आहे असा ठळक पशु म्हणजे गोव्याहून लिस्बनला गेलेला गेंडा. गुजराथच्या सुलतान मुजफ्फरशहानें तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क यास नजर केला, आणि आल्बुकर्कनें तो इसवी सन १५१५ च्या जानेवारींत गोव्याहून जहाजावर चढवून राजा मॅन्युएल याजकडे धाडला. २० मे १५१५ रोजीं तो लिस्बन येथें उतरला. पोर्तुगीज त्यास ‘गंडा’ म्हणत. आपल्या ‘गेंडा’ ह्या शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. पुढें तोच गेंडा पोप दहावा लिओ यास भेट म्हणून निघाला असतां इसवी सन १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालें व त्यांत तो मेला.

ह्या पशूबरोबर आरोग्याचा दाखला नव्हता. तशी मागणीहि कोणी केली नाहीं. परंतु त्याचें एक वर्णन व एक रेखाटन लिस्बनहून जर्मनींत गेलें, आणि तेवढ्यावरून आल्ब्रेख्ट ड्यूरर यानें आपलें प्रसिद्ध चित्र केलें. ड्यूररनें गेंडा कधींहि पाहिला नव्हता. त्यामुळें त्याच्या चित्रांत गेंड्याच्या खांद्यावर एक लहानसें जास्तीचें शिंग उगवलें, आणि तें अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या पुस्तकांत नांदत राहिलें. जिवंत पशु समुद्रांत बुडाला आणि कागदावरचा चुकीचा पशु दोनशें वर्षें जगला. ज्यांनीं नकलेवरून नक्कल झालेल्या पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं.

आतां वर्णनाच्या शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. राज्यांतील प्रत्येक घोड्याची नोंद करणें हें अध्यक्षाचें पहिलें काम. विक्रीस आलेला, विकत घेतलेला, युद्धांत मिळालेला, पागेंतच जन्मलेला, मदतीच्या मोबदल्यांत आलेला, तारण ठेवलेला, कांहीं काळापुरता आणलेला, असे घोड्याच्या येण्याचे प्रकार आधीं वेगळे करावयाचे. मग त्याचें कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग व आगम लिहावयाचा. ‘आगम’ म्हणजे तो कोठून आला तें. आणि जे घोडे अशुभ, व्यंग असलेले किंवा रोगी असतील त्यांची वर्दी द्यावयाची. आमच्या समोरील दप्तरांत ऑस्ट्रेलियन सरकारच्या परवान्याचा जो कागद आहे त्यांतील रकाने असे : जात, जन्मतारीख, रंग, लिंग, ओळखचिन्हाचा क्रमांक, निघण्याचा देश. कौटिल्याच्या सहा बाबींपैकीं पांच येथें तशाच आहेत. सहावी बाब वर्गाची. आमच्या कुत्र्यास वर्ग असा नव्हता. कुलाच्या रकान्यापाशींहि आमची अडचण झाली. तो शिवमंदिराच्या मागें वालधुनीच्या कांठीं पावसांत भिजत असतां नातीनें उचलून आणला होता. तेथें ‘मिश्र’ असें लिहून आम्हीं सुटका करून घेतली.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. क्वारंटाइनची पद्धत कौटिल्यास ठाऊक होती असें ह्यावरून कोणी सिद्ध करूं लागेल तर तें खरें नव्हे. अर्थशास्त्रांत पशूची ओळख आहे, रोग्याची वर्दी आहे. परंतु बाहेरून आलेला निरोगी दिसणारा पशु केवळ संशयावरून ठराविक दिवस वेगळा ठेवावा ही कल्पना त्या प्रकरणांत नाहीं. ती कल्पना भूमध्य समुद्रावरील बंदरांची आहे. रगुसा नगरानें इसवी सन १३७७ मध्यें साथीच्या गांवांहून येणारांस तीस दिवस वेगळें ठेवण्याचा ठराव केला. पुढें तीसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेंतील ‘चाळीस’ ह्या संख्येवरून क्वारंटाइन हा शब्द निघाला. आपल्या पूर्वजांस सर्व कांहीं अवगत होतें असें म्हणणें हा त्यांचा गौरव नसून आपल्या वाचनाचा आळस होय.

ओळखीच्या बाबतींत मात्र आपली परंपरा अखंड दिसते. सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकांत, ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांच्या खेळाचें स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हां राजे लोक कुत्रेंहि पारखून घेत. घोड्यांच्या बाबतींत अल्लाउद्दीन खिलजीनें व पुढें अकबरानें डाग देण्याची व हुलिया लिहिण्याची पद्धत कडक केली. कारण एकच होतें : हजिरीच्या दिवशीं सरदार दुसऱ्याचा उसना घोडा आणून उभा करीत. आपल्याकडील पागांच्या याद्या चाळल्या तर घोड्याचा रंग (कुमेद, अबलख, सबजा, पंचकल्याणी), वय, खुणा व किंमत अशी नोंद आढळते, आणि तिचा उपयोग घोडा कामास आल्यास भरपाई ठरवितांना होई. आज डागाच्या जागीं तांदळाच्या दाण्याएवढी कांचेची नळी कुत्र्याच्या मानेच्या कातड्याखालीं सुईनें घालतात. तिच्यांत पंधरा आंकड्यांचा क्रमांक असतो व तो यंत्र धरिलें म्हणजे वाचतां येतो. ऑस्ट्रेलियन सरकारनें १ मार्च २०२३ पासून आपले नियम बदलले, त्यांतहि भर ह्याच गोष्टीवर आहे : ज्याचें रक्त तपासलें तोच हा कुत्रा, याची सरकारी अधिकाऱ्यानें परदेशांत खात्री केलेली असावी. खोट्या कागदांची त्यांस भीति वाटते. खिलजीचा उसना घोडा आणि आजचें उसनें रक्त यांत तत्त्वतः भेद नाहीं.

आमच्या गल्लींत ह्या प्रकरणाची चर्चा झाली तेव्हां सर्वांचें मत एकच पडलें कीं, हा आपल्या देशाचा अपमान आहे. सिंगापूरचा कुत्रा चालतो, हिंदुस्थानचा कां चालूं नये? हिंदुस्थान हा ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादींत नाहीं. त्यामुळें येथून निघालेल्या कुत्र्यास आधीं यादींतील एखाद्या देशांत जाऊन तेथून पुढें जावें लागतें. एका गृहस्थांनीं महाप्रस्थानिक पर्वांतील धर्मराजाचा दाखला दिला : स्वर्गाच्या दारांत इंद्रानें कुत्र्यास अडविलें, तसेंच हें. आम्ही म्हणालों, इंद्राचा आक्षेप शौचाचा होता. त्यानें रक्ताची तपासणी मागितली नव्हती. अपमानाचा प्रश्न इतिहासावरून सोडविला पाहिजे. तो पाहूं गेलों तेव्हां जें आढळलें तें आपल्या अभिमानास फारसें अनुकूल नाहीं.

इसवी सन १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठीं तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरीं गुरें उतरविण्यांत आलीं. बुळकांडीचा रोग ह्या गुरांबरोबर हिंदुस्थानांतून गेला असें बहुतेक अभ्यासक मानतात. तेथून तो रोग दहा वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या टोंकापर्यंत पोंचला. कित्येक प्रांतांत दहांपैकीं नऊ गुरें मेलीं व इथिओपियांत भयंकर दुष्काळ पडला. इसवी सन १९२० मध्यें हिंदुस्थानांतून ब्राझिलला निघालेलीं वशिंडाचीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत कांहीं दिवस थांबलीं; त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जममध्यें शिरली. ती आटोक्यांत आली, परंतु युरोपांतील राज्यें इतकीं हादरलीं कीं २५ जानेवारी १९२४ रोजीं पॅरिस येथें अठ्ठावीस राष्ट्रांनीं मिळून पशुरोगांसंबंधीं एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. हीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. म्हणजे आज जगांतील प्रत्येक जनावराच्या दाखल्यास ज्या संस्थेचे नियम लागू पडतात तिचा जन्म आपल्या गुरांच्या एका प्रवासांतून झाला आहे. आपल्या इतिहासग्रंथांत ह्या गोष्टीस एक ओळहि मिळालेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरा रोग सर्रा. हा घोडे, उंट व गुरें यांच्या रक्तांत होणारा रोग असून त्याचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यानें इसवी सन १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें शोधून काढिला. त्याच्या पुढील अभ्यासाचा एक धागा महाराष्ट्रांत येतो. इसवी सन १८८९ मध्यें पुण्यास सरकारनें इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापिली. तिचे पहिले अधिकारी आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्ऱ्यावर लिहिलेला अहवाल इसवी सन १८९३ मध्यें मुंबईस छापला गेला. त्याच वर्षीं ही प्रयोगशाळा हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविली, आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचा आरंभ पुण्यांत झाला हें पुणेकरांसहि सहसा ठाऊक नसतें.

हाच सर्रा इसवी सन १९०६ मध्यें अमेरिकेंत टेक्ससच्या एका मोठ्या पशुपालकानें हिंदुस्थानांतून नेलेल्या गुरांत सांपडला. गुरें न्यूयॉर्कनजीक विलग ठेवलीं होतीं म्हणून तो तेथेंच कळला. रोगी गुरें मारण्यांत आलीं व अखेर ३३ गुरें टेक्ससला गेलीं. आज अमेरिकेंत ‘ब्राह्मन’ नांवाची जी प्रसिद्ध जात आहे तिच्या रक्तांत ह्याहि गुरांचा भाग आहे. पुढच्याच वर्षीं, १९०७ मध्यें, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट हेडलंड बंदरीं हिंदुस्थानांतून आलेल्या उंटांत सर्रा आढळला व तो उंट मारूनच संपवावा लागला. ऑस्ट्रेलियाचा क्वारंटाइनचा कायदा १९०८ चा; तो २०१६ पर्यंत लागू होता. एकामुळें दुसरा झाला असें म्हणण्याइतका पुरावा आमच्याजवळ नाहीं व तसें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या लोकांनीं तो कायदा चालविला त्यांच्या स्मरणांत हे उंट ताजे होते, एवढें निश्चित.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियानें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून आपल्याकडील फौजेस घोडे पुरविले; न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांस ‘वेलर’ म्हणत. आपण त्यांस जें दिलें त्यांत एक आपली साळुंकीहि आहे. इसवी सन १८६२ पासून मेलबर्न येथें ती किडे खाईल म्हणून मुद्दाम नेऊन सोडली. आज तेथील लोक तिला उपद्रवी पांखरू समजतात व पकडण्यासाठीं सांपळे लावितात. चिरंजीवांच्या अंगणांत ती येते, व तिचा आवाज ऐकून आमच्या सौभाग्यवतींस टेलिफोनवर अंबरनाथचा भास होतो. तिला परवान्याची गरज पडली नाहीं, आणि त्यानंतर आलेल्या सर्वांस पडली.

आपल्या देशानें असे दरवाजे लावले नाहींत असेंहि नाहीं. पशुधन आयात कायदा इसवी सन १८९८ चा आहे व तो आजहि आपल्या देशांत लागू आहे. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाचा कायदा १८९९ चा होता. त्याच्या थोडें आधीं, १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला, आणि १८९७ मध्यें व्हेनिस येथें राष्ट्रांची परिषद भरून मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर व माणसांवर निर्बंध घातले गेले. आमच्या शेजारच्या कल्याण जंक्शनावर आगगाडीच्या उतारूंस उतरवून तपाशीत, त्याच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. तिनें त्या आपल्या सासूकडून ऐकल्या होत्या. ज्यास अडविलें जातें त्यास तो अपमानच वाटतो, हें त्या गोष्टींतहि होतें.

कुत्र्याच्या बाबतींतील मुख्य भय मात्र बुळकांडीचें किंवा सर्ऱ्याचें नसून पिसाळण्याचें आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सातव्या अध्यायांत पिसाळलेल्या पशूच्या दंशाचें जें वर्णन आहे तें वाचून आजचा वैद्यहि मान डोलावील. लाळ गळणें, शेपूट, हनुवटी व खांदे लुळे पडणें, अंध व बधिर झाल्याप्रमाणें धांवणें हीं चिन्हें तेथें आहेत. आणि दंश झालेल्या माणसास पाण्याचें भय उत्पन्न झालें म्हणजे तो वांचत नाहीं असा स्पष्ट निर्णय आहे. ह्या विकाराचें नांवच जलत्रास. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा निर्णय अद्याप फिरलेला नाहीं. चिन्हें दिसूं लागल्यावर रोगी क्वचितच वांचतो. १९०० मध्यें कसौलीस पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, तेथें १९११ मध्यें डेव्हिड सेंपल यांनीं मेंढ्याच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि आमच्या पिढीस ठाऊक असलेलीं पोटांतील चौदा इंजेक्शनें तीं हींच. आज लस सुधारली आहे, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत पिसाळलेल्या जनावरांमुळें जितके मृत्यु होतात त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशाहून अधिक आपल्या देशांत होतात. बाकी सर्व अपमान बाजूस ठेवून हा एक आंकडा आम्हीं शेजाऱ्यांस सांगितला तेव्हां चर्चा थांबली.

इंग्लंडानें कुत्र्यांच्या तोंडाला जाळ्या बांधून व बाहेरून येणारे कुत्रे सहा महिने अडकवून १९०२ मध्यें आपला देश ह्या रोगापासून मुक्त केला. १९१८ मध्यें लढाईहून परतणाऱ्या शिपायांनीं चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हां आला व काढून टाकण्यास १९२२ साल उजाडलें. सहा महिन्यांची मुदत मनास येईल तशी ठरविलेली नाहीं. दंश झाल्यापासून चिन्हें दिसेपर्यंत कुत्र्यांत फार दिवस जाऊं शकतात, व बहुतेकांत ते सहा महिन्यांच्या आंत असतात, ह्या अनुभवावर ती बसविली आहे. आतां रक्त तपासण्याची सोय झाल्यामुळें ती मुदत कोठडींतून घरीं आली आहे, इतकाच फरक. लस टोंचावी, मग रक्ताचा नमुना मान्य प्रयोगशाळेंत पाठवावा, त्यांत प्रतिद्रव्याचें प्रमाण दर मिलिलिटरास अर्धा आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक निघावें, आणि नमुना प्रयोगशाळेंत पोंचल्या दिवसापासून १८० दिवस लोटल्याखेरीज कुत्र्यानें ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पाय ठेवूं नये. नंतर मेलबर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी आवारांत दहा दिवस, प्रसंगीं तीस.

आतां ज्या प्रसंगामुळें हें टिपण लिहिण्याचें मनांत आलें तो सांगतों. आमच्या कुत्र्याचें रक्त काढलें, नमुना परदेशीं गेला, निकाल चांगला आला. घरांत आनंद झाला. नातीनें तिकडे भिंतीवर दिवस मोजण्याचा तक्ता लाविला. चार महिने लोटल्यावर एका संध्याकाळीं आम्ही सर्व कागद एका शेजारीं एक मांडून, जुन्या संवयीप्रमाणें, पोथ्यांचे पाठ ताडून पाहावे तसे ताडून पाहत बसलों. चिपच्या क्रमांकाचे पंधरा आंकडे. लसीच्या पुस्तिकेंत बाराव्या स्थानीं ८ होता. प्रयोगशाळेच्या निकालांत तेथें ३ होता. ज्या दवाखान्यांत नमुना काढला तेथें कोणीं तरी हातानें लिहितांना आठाचे दोन कोंडे उघडे ठेवले होते. यंत्र धरून पाहिलें. कुत्र्याच्या मानेंत ८ होता. म्हणजे निकाल जगांत नसलेल्या दुसऱ्या एका कुत्र्याचा ठरला, आणि आमच्या कुत्र्याचें रक्त कधींच तपासलें गेलें नव्हतें. दवाखान्यांतील तरुण मुलगा फार ओशाळला. आम्हीं त्यास बोललों नाहीं. नवा नमुना गेला व १८० दिवस पहिल्यापासून मोजावे लागले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि विचार आला तो आमच्याच गांवच्या शिलालेखाचा. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तर द्वारावरील लेख सर्व वाचकांस परिचित आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शकाचा आंकडा प्रथम ७८२ असा वाचला. पुढें तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरला. झिजलेल्या दगडावर सात आणि नऊ यांतील भेद तो केवढा! परंतु त्यानें मंदिर दोनशें वर्षें मागें गेलें, व माम्वाणि राजाचा शिलाहारवंशांतील काळ जुळेना. भाऊ दाजींसारख्या विद्वानाकडून जें झालें तें रोज चाळीस कुत्रे तपासणाऱ्या मुलाकडून झालें, ह्यांत त्याचा विशेष अपराध काय? फरक इतकाच कीं, शिलाहारांचा काळ पंडितांनीं दुरुस्त केला आणि मधल्या काळांत कोणाचें कांहीं अडलें नाहीं. येथें एक म्हातारा होत चाललेला प्राणी दाराकडे तोंड करून बसे, आणि तिकडे एका मुलीस तक्ता फाडून नवा लावावा लागला. कुत्र्याचें वय तेव्हां नऊ वर्षांचें होतें. आणखी एकदां चूक झाली असती तर तो प्रवासास लायक राहिला असता कीं नाहीं हें सांगवत नाहीं.

दुसऱ्या वेळीं क्रमांक आम्हीं स्वतः मोठ्यानें वाचला, दोघांकडून वाचवून घेतला व छापून चिकटविला. २०२४ च्या आरंभीं मुंबईच्या पशु-क्वारंटाइन कचेरींतून निघण्याचा दाखला मिळाला. तेथील अधिकाऱ्यानें यंत्र धरून आंकडे एक एक करून कागदाशीं जुळविले, तेव्हां आम्ही बाजूस उभे राहून तेच आंकडे मनांत म्हणत होतों. कुत्रा पिंजऱ्यांत बसला तो आमच्याकडे न पाहतां. मधल्या देशांतील मुक्काम, तेथील तपासण्या, गोचिडांवरील औषधें व मिकलहॅम येथील दिवस हे सर्व कागदांवर तारीखवार आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाहीं.

दप्तराचें स्वरूप असें : चिप बसविल्याचा दाखला १; लसीची पुस्तिका १; रक्ततपासणीचे निकाल २, पैकीं चुकीच्या क्रमांकाचा १; इतर रोगांच्या तपासणीचे निकाल ६; आयातीचा परवाना व त्याच्या शर्ती मिळून ४; येथील निर्गमनाचे दाखले ३; मधल्या देशाचे कागद ७; विमानाचीं कागदपत्रें ५; मिकलहॅम येथून सुटल्याचा कागद १; आणि नातीचा फाटलेला तक्ता, जो तिनें पाकिटांत घालून पाठविला. चुकीचा निकाल फाडून टाकावा असें घरांतून सुचविण्यांत आलें होतें. आम्हीं तो मुद्दाम राखला आहे. अशुद्ध पाठाची पोथीहि आपण फेंकून देत नाहीं.

कागद सर्व मूळ किंवा सहीच्या नकला असून, मंडळाची अनुमति असल्यास ते संग्रहांत जमा करण्याचा आमचा विचार आहे. यांतील कांहीं कागद उष्णतेनें अक्षरें उमटविणाऱ्या यंत्रांतून निघालेले आहेत व दोन वर्षांतच फिकट होऊं लागले आहेत. त्यांच्या नकला शाईनें करून सोबत ठेविल्या आहेत. ज्या संग्राहकांजवळ पागेच्या हुलियाच्या याद्या, मुंबईच्या अरब सौदागरांकडून घेतलेल्या घोड्यांच्या पावत्या, किंवा फौजेबरोबर वा नोकरीनिमित्त परमुलखीं नेलेल्या जनावरांचे दाखले असतील त्यांनीं त्यांची नक्कल आम्हांस अंबरनाथच्या पत्त्यावर पाठविण्याची कृपा करावी. विशेषतः ज्या यादींत घोड्याची खूण एक आणि प्रत्यक्ष घोडा दुसरा अशी तक्रार नोंदली असेल ती आम्हांस हवी आहे.